वाहतूक कॅमेरा : सुरक्षेसाठी की वसुलीसाठी?





गेल्या पालक सभेत एक विषय निघाला आणि त्यावर चांगलीच चर्चा रंगली. आपल्या शाळेसमोरचा रस्ता आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना तिथून गाड्या ज्या वेगाने जातात, ते पाहून छातीत धडकी भरते. काही पालकांनी सुचवले की शाळेने नगर निगम आणि वाहतूक पोलिसांकडे अर्ज करून तिथे वेग मोजणारा कॅमेरा बसवून घ्यावा. लगेच दुसऱ्या बाजूने उत्तर आले, ‘‘कॅमेऱ्याने काय होणार? नुसती चालाने फाटतील. ही सरकारची कमाई आहे, सुरक्षा नव्हे.’’ दोन्ही बाजूंना टाळ्या पडल्या आणि सभा संपली, पण प्रश्न शिल्लक राहिला.

आम्हाला वाटले, शाळेत प्रश्न शिल्लक राहणे बरे नाही. म्हणून या अंकाचा ‘अभ्यास लेख’ याच विषयावर लिहीत आहोत. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी तो वही-पेन्सिल घेऊन वाचावा. पालकांनी आणि विश्वस्तांनी तो पुढील बैठकीपूर्वी वाचावा, अशी विनंती आहे. (इंदूरकर मराठी माणूस ‘चालान’ म्हणतो, पुण्याचा पाहुणा ‘पावती फाडली’ म्हणतो. आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले असल्यामुळे लेखात आमचे ‘चालान’च राहील, वाचकांनी चालवून घ्यावे.)

१. आधी वेगाचे गणित

कॅमेऱ्याविषयी बोलण्यापूर्वी वेगाविषयी बोलले पाहिजे. समोर अचानक मूल आले की चालक ब्रेक दाबतो. पण डोळ्यांनी पाहणे, मेंदूने समजणे आणि पायाने ब्रेक दाबणे यात साधारण एक सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी आहे त्याच वेगाने पुढे जाते. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी अंतर लागते. हे दुसरे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर ब्रेकचे अंतर चौपट होते.

आता उदाहरण घेऊ. रस्ता कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत आणि ब्रेक लागल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो, असे धरा. मूल गाडीपासून २० मीटरवर रस्त्यात आले.

ताशी ४० कि.मी. वेग असेल, तर पहिल्या सेकंदात गाडी सुमारे ११ मीटर जाते, ब्रेक लागल्यावर सुमारे ९ मीटर जाते, आणि मुलाच्या अगदी पुढ्यात येऊन थांबते. मूल वाचले.

ताशी ५० कि.मी. वेग असेल, तर पहिल्या सेकंदातच सुमारे १४ मीटर संपतात. उरलेल्या ६ मीटरमध्ये गाडी थांबू शकत नाही. ती मुलावर आदळते तेव्हा तिचा वेग अजून ताशी सुमारे ३७ कि.मी. असतो.

ताशी ६० कि.मी. वेग असेल, तर पहिल्या सेकंदात जवळजवळ १७ मीटर गेले. ब्रेक लागतो न लागतो तोच टक्कर होते. टक्करीच्या क्षणी वेग ताशी सुमारे ५५ कि.मी. असतो.

पुन्हा एकदा नीट पाहा. चाळीस आणि साठ यांतला फरक वीसच. पण पहिल्या गाडीने मुलाला स्पर्शही केला नाही आणि दुसरीने त्याला जवळजवळ पूर्ण वेगाने धडक दिली. ‘‘थोडासाच तर वेग जास्त होता’’ असे म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः सोडवून पाहावे. एका संपूर्ण रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला, तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्के वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याचे कारणही हेच आहे.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. भागाकार केला, तर दर दिवशी साधारण ४६० आणि दर तासाला १९. त्यांत अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या आसपास होती. पोलिसांच्या नोंदीनुसार दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग हे कारण होते. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी तामिळनाडू पहिला आणि आपला मध्य प्रदेश दुसरा होता. हा दुसरा क्रमांक अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

२. कॅमेरा वेग कसा मोजतो?

गंमत अशी की, वेग पकडणाऱ्या यंत्रांचा एक जनक स्वतःच वेगाचा शौकीन होता. नेदरलँड्सचे मॉरिस गॅट्सोनिडेस हे मोटार शर्यतपटू होते. १९५३ साली त्यांनी मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. वळणावर आपला वेग किती राहतो हे कळावे आणि आपण आणखी वेगात जावे, म्हणून त्यांनी मोजणीचे यंत्र बनवले. पुढे त्याच यंत्राचा विकास होऊन पोलिसांचा कॅमेरा झाला. ब्रिटनमध्ये आजही जुन्या कॅमेऱ्याला ‘गॅट्सो’ म्हणतात.

आज मुख्यतः तीन प्रकारचे कॅमेरे दिसतात. पहिला प्रकार रडारचा. तो गाडीकडे लहरी सोडतो, त्या गाडीवर आदळून परत येतात आणि त्यांच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग कळतो. भौतिकशास्त्रात तुम्ही डॉप्लर परिणाम शिकता, तोच हा.

दुसरा प्रकार सिग्नलवरचा. लाल दिवा लागल्यावर थांबण्याची रेघ ओलांडली की गाडीचा आणि नंबर प्लेटचा फोटो निघतो. आपल्या शहरातल्या चौकांतही हा प्रकार आता ओळखीचा झाला आहे.

तिसरा प्रकार सरासरी वेगाचा. एक कॅमेरा सुरुवातीला, दुसरा काही किलोमीटर पुढे. दोघेही नंबर प्लेट वाचतात आणि वेळ नोंदवतात. समजा, दोन कॅमेऱ्यांत १० कि.मी. अंतर आहे आणि मर्यादा ताशी १०० कि.मी. आहे. मग ते अंतर कापायला कमीत कमी ६ मिनिटे लागली पाहिजेत. कोणी ५ मिनिटांत पोचला, तर त्याचा सरासरी वेग १२० झाला. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि पुढे पुन्हा पळायचे, ही हुशारी इथे चालत नाही.

३. सुरक्षेच्या बाजूने काय पुरावा आहे?

जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१० साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात ३५ अभ्यास तपासले होते. त्यांपैकी २८ अभ्यासांनी अपघात मोजले होते, आणि त्या सर्वच्या सर्व २८ अभ्यासांत कॅमेऱ्याच्या परिसरातले अपघात कमी झालेले आढळले. जीवघेण्या आणि गंभीर अपघातांतली घट ठिकाणानुसार ११ ते ४४ टक्के होती.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील २०१७ च्या एका अभ्यासात ब्रिटनमधील अडीच हजारांहून अधिक कॅमेरे तपासले गेले. कॅमेऱ्यापासून ५०० मीटरच्या आत अपघात १७ ते ३९ टक्के आणि मृत्यू ५८ ते ६८ टक्के कमी झाल्याचे त्यात दिसले. पण याच अभ्यासाने दुसरीही गोष्ट सांगितली. कॅमेऱ्यापासून दीड किलोमीटरपलीकडे हा फायदा नाहीसा होतो, काही ठिकाणी उलट अपघात वाढलेलेही दिसतात. कारण तुम्हीच सांगाल : कॅमेरा मागे पडला की चालक वेळ भरून काढायला लागतो.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा : कॅमेरा काम करतो, पण आपल्या अंगणापुरते. सगळ्या शहराला तो शिस्त लावू शकत नाही.

४. आकड्यांचा एक सापळा

विद्यार्थ्यांनो, हा भाग मन लावून वाचा. तो केवळ रस्त्यांविषयी नाही, तर कोणताही आकडा कसा वाचावा याविषयी आहे.

समजा, वर्गातल्या एका मुलाला गणितात नेहमी सत्तरच्या आसपास गुण मिळतात. एका चाचणीच्या दिवशी त्याला ताप होता आणि पन्नास मिळाले. वडिलांनी त्याला रागावले. पुढच्या चाचणीत पुन्हा अडुसष्ट मिळाले. वडील म्हणाले, ‘‘बघा, रागावल्याचा परिणाम!’’ खरे तर रागावले नसते, तरी मुलगा आपल्या नेहमीच्या जागी परत आलाच असता. याला संख्याशास्त्रात ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात.

रस्त्यांचेही असेच असते. अधिकारी कॅमेरा कुठे बसवतात? जिथे गेल्या दोन-तीन वर्षांत खूप अपघात झाले, तिथे. त्यांतली काही वर्षे निव्वळ वाईट योगाची असतात. पुढच्या वर्षी आकडा आपोआप थोडा खाली येणारच होता. श्रेय मात्र सगळे कॅमेऱ्याला मिळते.

ब्रिटन सरकारसाठी केलेला चार वर्षांचा मूल्यमापन अहवाल २००५ च्या डिसेंबरमध्ये आला. कॅमेऱ्यांच्या ठिकाणी मृत आणि गंभीर जखमींची संख्या ४२ टक्के घटली, असे त्यात म्हटले होते. आकडा मोठा होता, पण त्याच अहवालाच्या परिशिष्टात शहरी ठिकाणांच्या एका गटाची बारीक तपासणी होती. दिसलेल्या घटीपैकी मोठा भाग या ‘परतण्या’चा आहे, असे त्यातून निघाले. उरलेली घट लहान असली, तरी खरी होती. म्हणजे ‘कॅमेऱ्याने चमत्कार केला’ हेही खोटे आणि ‘कॅमेऱ्याने काहीच केले नाही’ हेही खोटे.

५. वसुलीच्या बाजूने काय पुरावा आहे?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ‘ही वसुली आहे’ म्हणणाऱ्या पालकांचा संशय हवेतला नाही. त्यालाही आधार आहे.

अमेरिकेतील शिकागो शहराने २००३ पासून सिग्नलवर कॅमेरे बसवले. हळूहळू ती देशातल्या सर्वांत मोठ्या योजनांपैकी एक झाली. पुढे उघडकीस आले की कंत्राट मिळवण्यासाठी कंपनीने शहराच्या एका अधिकाऱ्याला लाच दिली होती. २०१६ साली त्या अधिकाऱ्याला दहा वर्षांची कैद झाली. त्याच शहरात पिवळ्या दिव्याचाही वाद झाला. पिवळा दिवा निदान ३ सेकंद राहिला पाहिजे, असा नियम होता. २०१४ साली काही महिने त्यापेक्षा सेकंदाच्या अंशाने कमी वेळाच्या पिवळ्या दिव्यांवरही चालाने दिली गेली. अशी सुमारे ७७ हजार चालाने निघाली आणि त्यांतून सुमारे ७७ लाख डॉलरचा दंड आकारला गेला. सेकंदाचा दहावा भाग! त्याने कोणाचा जीव वाचला नाही, तिजोरी मात्र भरली.

सिग्नलच्या कॅमेऱ्यांविषयी आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००५ साली सात ठिकाणच्या १३२ चौकांचा अभ्यास केला. आडव्या टक्करी, ज्या अधिक जीवघेण्या असतात, त्या सुमारे २५ टक्के घटल्या. पण मागून धडकण्याचे प्रकार सुमारे १५ टक्के वाढले, कारण चालानाच्या भीतीने पुढचा अचानक ब्रेक दाबतो. एकूण हिशेब फायद्याचाच निघाला. तरीही कॅमेऱ्याचे तोटे असतात, हे मान्य केले पाहिजे.

मूळ अडचण कुठे आहे, ते शाळेच्या ग्रंथालयाच्या उदाहरणाने समजेल. पुस्तक उशिरा परत केले तर दंड असतो. हेतू हा की पुस्तक वेळेवर यावे आणि दुसऱ्या मुलाला मिळावे. पण उद्या शाळेने ठरवले की ग्रंथपालांचा पगार या दंडातूनच निघेल, तर काय होईल? मुले वेळेवर पुस्तके आणू लागली की ग्रंथपालांची पंचाईत! ते मनातून उशिराचीच वाट पाहतील. दंड तोच, नियम तोच, पण हेतू बदलला.

ब्रिटनमध्ये २००० पासून काही भागांत आणि नंतर जवळजवळ देशभर अशी पद्धत होती की दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्याचा खर्च स्थानिक यंत्रणेला परत मिळे. लोकांचा संशय वाढू नये म्हणून जिथे गंभीर अपघातांची ठरावीक नोंद आहे तिथेच कॅमेरा बसवायचा, आणि तो पिवळ्या रंगाचा व स्पष्ट दिसणारा असावा, असेही ठरवले होते. तरीही संशय गेला नाही. शेवटी २००७ साली सरकारने दंड आणि कॅमेऱ्याचा खर्च यांची ही गाठ सोडली. रस्ता सुरक्षेसाठी वेगळा निधी दिला, आणि तो कशावर खर्च करायचा हे स्थानिक लोकांवर सोपवले. त्यानंतर २००९ साली स्विंडन या शहराने आपले कायमचे कॅमेरे काढून टाकले. ऑक्सफर्डशायरने २०१० साली ते बंद केले, पण २०११ मध्ये पुन्हा सुरू केले. एकाच देशातल्या दोन गावांनी वेगळी उत्तरे दिली, यावरून प्रश्न किती कठीण आहे ते कळते.

६. आपल्या देशात काय घडले?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यात कलम १३६-अ आले आणि इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्याचा पाया मिळाला. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम १६७-अ आणला. तो वाचला, तर वर सांगितलेल्या बऱ्याच शंकांचा विचार त्यात केलेला दिसतो. कॅमेरे धोक्याच्या आणि जास्त रहदारीच्या मार्गांवर असावेत. पुढे कॅमेरा आहे असा सूचना फलक लोकांना दिसेल असा लावावा. यंत्राला प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे. चालानाबरोबर फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा दिली जावी. नोटीस गुन्ह्यापासून पंधरा दिवसांच्या आत निघावी. त्या नियमासोबत १३२ शहरांची यादी होती आणि आपले इंदूर व ग्वाल्हेर दोन्ही त्या यादीत होते.

केरळने जून २०२३ पासून ७२६ कॅमेरे एकदम सुरू केले. त्यांतले बहुतेक हेल्मेट आणि सीट बेल्ट न लावणाऱ्यांना पकडण्यासाठी होते. कंत्राटावरून राजकीय वाद झाला, तो वेगळा. आकडे पाहू. तिथे २०२२ मध्ये अपघातांत सुमारे ४,३०० माणसे मृत्युमुखी पडली, २०२३ मध्ये सुमारे ४,०८०. पण त्याच काळात अपघातांची संख्या मात्र वाढली. असे कसे? एक शक्यता अशी की हेल्मेट अपघात टाळत नाही, डोके वाचवते. मात्र चौथा मुद्दा आठवा. एका वर्षाच्या आकड्यावरून पक्का निकाल देऊ नये.

आपल्यापैकी अनेकांचे नातलग मुंबई-पुण्याला असतात आणि आपण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जातो. तिथली गोष्ट आणखी बोलकी आहे. या सुमारे ९५ कि.मी.च्या मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मरण पावली होती. त्या वर्षापासून सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून काम सुरू केले. धोकादायक खांब आणि कठडे यांना संरक्षक पट्ट्या लावल्या, फलक सुधारले, उभ्या ट्रकांवर लक्ष ठेवले, रुग्णवाहिका लवकर पोचेल अशी सोय केली. पुढच्या काही वर्षांत वार्षिक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आणि वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा तिथे सुरू झाली ती जुलै २०२४ मध्ये. म्हणजे सुधारणेचा मोठा टप्पा त्या यंत्रणेच्या आधीचा आहे. कॅमेरा एकटा रस्ता सुधारत नाही. रस्ता आधी रस्त्यासारखा करावा लागतो.

७. ओळखायचे कसे? पाच प्रश्न

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. सुरक्षा की वसुली? आमचे मत असे की, हा प्रश्न ‘कॅमेरा’ या यंत्राला विचारून उपयोग नाही. यंत्राला हेतू नसतो. हेतू बसवणाऱ्याचा असतो. म्हणून कुठल्याही कॅमेऱ्यासमोर उभे राहून हे पाच प्रश्न विचारावेत.

पहिला : तो कुठे आहे? जिथे माणसे मरतात तिथे, की जिथे चालाने सहज मिळतात तिथे? उतारावर, रुंद रिकाम्या रस्त्यावर, अचानक कमी झालेल्या मर्यादेच्या फलकामागे लपलेला कॅमेरा संशय निर्माण करतो.

दुसरा : तो दिसतो का? आधी सूचना फलक आहे का? चालकाने वेग कमी करावा ही इच्छा असेल, तर लपण्याचे कारण नाही.

तिसरा : मर्यादा योग्य आहे का, आणि ती लिहिलेली आहे का? झाडाच्या फांदीआड गेलेल्या फलकावरून दंड घेणे न्यायाचे नाही.

चौथा : पैसा कुठे जातो? कंत्राटदाराला प्रत्येक चालानामागे वाटा मिळतो, की ठरावीक मोबदला? दंडाची रक्कम रस्त्यावर परत येते का?

पाचवा, आणि सर्वांत महत्त्वाचा : यशाचे माप काय? वर्षाच्या शेवटी अधिकारी ‘इतके कोटी जमा’ म्हणून सांगतात, की ‘इतके मृत्यू कमी’ म्हणून?

या पाचव्या प्रश्नातच सगळे सार आहे. उत्तम कॅमेरा तोच, ज्याची कमाई दरवर्षी घटत जाते. लोक शिस्तीने चालू लागले, तर चालाने निघणारच नाहीत. ज्या कॅमेऱ्याची कमाई वर्षानुवर्षे तेवढीच राहते, तो एकतर चुकीच्या जागी आहे, किंवा तो रस्ताच चुकीचा बांधलेला आहे.

स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात २०१० साली एका मोटार कंपनीच्या मोहिमेत एक मजेदार प्रयोग झाला. वेग मर्यादेत ठेवणाऱ्यांचेही फोटो काढले आणि दंडाच्या पैशातून त्यांच्यासाठी सोडत काढली. तीन दिवसांत त्या जागचा सरासरी वेग ताशी ३२ वरून २५ कि.मी.वर आला. तीन दिवसांच्या प्रयोगावर धोरण ठरत नाही. पण शिक्षा करणे हा एकच मार्ग नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

८. मग आपल्या शाळेसमोर काय करावे?

विश्वस्त मंडळींपुढे आमचे म्हणणे नम्रपणे ठेवतो.

कॅमेऱ्याचा अर्ज जरूर करावा, पण तो यादीत पहिला नसावा. पहिल्या क्रमांकावर ताज्या रंगाचे झेब्रा पट्टे, फाटकाच्या दोन्ही बाजूंना नियमाप्रमाणे बांधलेले आणि रंगवलेले गतिरोधक, ‘पुढे शाळा आहे’ हा फलक आणि फाटकासमोर रिक्षा-व्हॅन उभ्या राहणार नाहीत अशी व्यवस्था. गतिरोधकाला वीज लागत नाही, तो रात्री झोपत नाही आणि तो चालानही पाठवत नाही. जिथे मुले चालतात तिथे वेग ताशी ३० कि.मी.पेक्षा जास्त असू नये, असे फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात अनेक देशांनी मिळून म्हटले आहे. तीच मर्यादा आपण मागावी. हे सगळे झाल्यावरही वेग कमी झाला नाही, तर कॅमेरा मागावा आणि तो पाच प्रश्नांच्या कसोटीला उतरणारा मागावा.

अर्जासोबत पुरावा असला, तर तो अर्ज वजनदार होतो. ते काम नववी-दहावीचे विद्यार्थी करू शकतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली, फाटकाच्या आत उभे राहून. रस्त्यावरच्या दोन खांबांतले अंतर आधी मोजून घ्यायचे. समजा, ते ५० मीटर आहे. गाडीला ते कापायला ६ सेकंद लागले, तर वेग ताशी ३० कि.मी. साडेचार सेकंद लागले तर ४०, साडेतीन सेकंदांहून थोडे जास्त लागले तर ५०, आणि तीनच सेकंद लागले तर ६०. शंभर गाड्या मोजा, तक्ता करा, आलेख काढा. साठवाल्या गाड्या किती, हे कळले की सभेत टाळ्यांनी नव्हे, आकड्यांनी बोलता येईल. आणि हो, उपाय झाल्यानंतर पुन्हा मोजणी करायला विसरू नका. एकदा नव्हे, दोन-तीनदा. का, ते चौथ्या मुद्द्यात सांगितले आहे.

९. दोन शब्द पालकांसाठी

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. शाळेसमोर वेगाने जाणारे सगळेच परके नसतात. आमच्या अकरावी-बारावीच्या, कधी दहावीच्याही मुलामुलींना आम्ही दुचाकीवर, हेल्मेटशिवाय, कधी तिघे एका गाडीवर येताना पाहतो. गाडी शेजारच्या गल्लीत लावून ती शाळेत चालत येतात. शाळेला दिसत नाही, असे त्यांना वाटते.

कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय साधी दुचाकी चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सी.सी.पर्यंतची बिनगिअरची गाडी चालते, तीही परवाना काढून. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवे, मागे बसणाऱ्यालाही. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले सुमारे ५० हजार जण देशभरात दगावले.

‘‘शिकवणीला उशीर होतो’’, ‘‘सगळ्यांचीच मुले चालवतात’’, ही कारणे आम्ही ऐकतो. त्यांना आमचे उत्तर पहिल्या मुद्द्यातले गणित आहे. वीस मीटरवर मूल आले, तर सोळा वर्षांच्या मुलाचा ब्रेक चाळीस वर्षांच्या माणसाच्या ब्रेकपेक्षा वेगळा लागत नाही. आणि त्या वीस मीटरवरचे मूल कदाचित आपल्याच शाळेतल्या पाचवीचे असेल. कॅमेरा बसेल तेव्हा बसो, किल्ली मात्र आजच आपल्या हातात आहे.

स्वाध्याय

१. ताशी ३० कि.मी. वेगाने येणारी गाडी किती मीटरवर थांबेल? वर दिलेली पद्धत वापरा.
२. दोन कॅमेऱ्यांत १२ कि.मी. अंतर आहे. मर्यादा ताशी ८० कि.मी. असेल, तर कमीत कमी किती मिनिटे लागली पाहिजेत?
३. ‘सरासरीकडे परतणे’ याचे क्रिकेटमधले एक उदाहरण द्या.
४. आपल्या रोजच्या रस्त्यावरचा एक कॅमेरा निवडा आणि त्याला पाच प्रश्न विचारा. उत्तरे घरच्यांशी चर्चा करून लिहा.
५. ‘दंड नसता तर लोक नियम पाळतील का?’ या विषयावर पंधरा ओळी लिहा. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.

आपली मते शाळेच्या कार्यालयात लेखी पाठवावीत. विरोधी मतांचे विशेष स्वागत आहे.